पाहुणा इंदूरचा, माणूस जिऊकाठचा

परवा आमच्या इंदूरकर मराठी ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरत होता: जगप्रसिद्ध शिल्पकार ब्रांकुशी आणि त्याचं 'इंदूर कनेक्शन'. खाली पन्नासेक अंगठे आणि 'अभिमान आहे' वगैरे. अभिमान मलाही आहे हो, पण थोडं थांबा.

माणिकबागेत माझ्या कामानिमित्त बऱ्याच चकरा होतात. दुसऱ्या यशवंतराव होळकरांचा हा राजवाडा, आता तिथे जीएसटी-कस्टम्सचं ऑफिस आहे. मांडीवर फाइल घेऊन नंबर यायची वाट बघत बसायचं. ह्या वाड्याच्या मालकाने ब्रांकुशीचे तीन पक्षी घेतले होते, एक ब्रॉन्झचा, एक काळ्या आणि एक पांढऱ्या संगमरवरातला. पक्षी म्हणजे नुसती उभी, निमुळती झेप; ना चोच, ना पंख. त्यांचाच एक भाऊबंद १९२६ मध्ये न्यूयॉर्कला उतरला, तेव्हा तिथल्या कस्टमवाल्यांनी त्याला धातूची भांडीकुंडी ठरवून ४० टक्के ड्यूटी लावली होती. प्रकरण कोर्टात गेलं आणि १९२८ मध्ये निकाल लागला की ही कलाच आहे. माणिकबागेच्या बाकावर बसल्यावर मला हे हमखास आठवतं.

महाराजांच्या मनात ह्या पक्ष्यांसाठी एक ध्यानमंदिर होतं, मध्ये पाणी आणि भोवती पक्षी. त्यासाठी ब्रांकुशी १९३८ च्या जानेवारीत स्वतः इंदूरला आला. आदल्याच वर्षी महाराणी संयोगिताबाई गेल्या होत्या. मंदिराचं पुढे काहीच झालं नाही. तो परत गेला. काळा-पांढरा जोड आज कॅनबेराच्या संग्रहालयात आहे आणि ब्रॉन्झचा कॅलिफोर्नियात. आपलं कनेक्शन ते एवढं.

आता दुसरी बाजू. मुलगा रोमेनियात बुखारेस्टला नोकरीला आहे, म्हणून गेल्या वर्षी आम्ही दोघं गेलो होतो. मी हट्टाने तिर्गू जिऊला न्यायला लावलं. जिऊ नदीच्या काठचं साधंसं गाव. ब्रांकुशी (तिकडे ब्रिंकुश म्हणतात) जवळच्याच होबित्सा खेड्यातला, जन्म १९ फेब्रुवारी १८७६. हो, आपल्या शिवजयंतीचीच तारीख. पोरवयात घरातून निघाला तो ह्याच गावात एका रंगाऱ्याकडे कामाला राहिला. पुढे क्रायोवा, मग पॅरिस.

पहिल्या महायुद्धात, १९१६ च्या ऑक्टोबरात, जर्मन फौज नदीवरच्या पुलाशी आली, तेव्हा गावातल्या म्हाताऱ्यांनी, बायकांनी, पोरांनी पूल लढवला. वीसेक वर्षांनी तिथल्या महिला संघटनेने ठरवलं की ह्यांचं स्मारक करायचं. पुढाकार आरेतिया तातारेस्कू ह्या बाईंचा. पॅरिसमध्ये नाव कमावलेला ब्रांकुशी आला, काम केलं आणि मानधन घेतलं नाही.

नदीकाठी दगडी गोल मेज आणि भोवती बारा बैठका. त्या बघून ही म्हणाली, "अहो, हे तर डमरू!" खरंच, दोन अर्धगोल पाठीला पाठ लावून ठेवलेले. मेजापासून जरा लांबच मांडलेत, बसून जेवायचं म्हटलं तर हात पुरणार नाही. "पान वाढलंय आणि यायचे ते आलेच नाहीत," असं ती म्हणाली आणि मग आम्ही बराच वेळ काही बोललो नाही. तिथून पुढे दगडी चुंबनद्वार, मग गावातल्या रस्त्याने सरळ चालत, वाटेत चर्च ओलांडून, मैलभराच्या आत शेवटाला तो अंतहीन स्तंभ. बिडाचा, पितळी झळाळीचा, सुमारे २९ मीटर उंच. एकावर एक मणी ओवल्यासारखा, वरचा मणी अर्धाच सोडलेला. कम्युनिस्ट राजवटीत हा स्तंभ ओढून पाडायचा प्रयत्न झाला, पण तो पडला नाही. २०२४ मध्ये युनेस्कोने हे सगळं जागतिक वारशात घेतलं.

गंमत अशी की स्तंभ उभा राहिला १९३७ च्या अखेरीस, मग साहेब इंदूरला आले, आणि परत जाऊन द्वार नि मेज पुरं केलं. लोकार्पण २७ ऑक्टोबर १९३८ ला. म्हणजे इंदूर ह्या कामाच्या मधल्या सुट्टीत येतं.

माझं मत विचाराल तर राजाकडे नजर होती, पैसा होता, आणि त्या वर्षी दुःखही होतं. पण त्या मंदिरात रोज कोण येणार, हे ठरलेलं नव्हतं. तिकडच्या बायकांकडे पूल होता, तारीख होती, गेलेल्यांची घरं त्याच गल्ल्यांत होती. शिल्पकाराला तिथे काही वेगळं सुचवावं लागलं नाही, नदीपासून नुसतं चालत जायचं होतं. आपल्याकडे स्मारक म्हटलं की पहिला प्रश्न उंचीचा, आणि चालत कुठून यायचं हे मात्र पार्किंगवाला ठरवतो!

आमच्या ग्रुपवर हे लिहिलं तर एकाने विचारलं, "म्हणजे इंदूरचा काहीच संबंध नाही का?" आहे ना. पाहुणा म्हणून आहे.

पुढच्या महिन्यात माणिकबागेत तारीख आहे. फाइलमध्ये हिने काढलेला त्या बारा डमरूंचा फोटो ठेवलाय. तिथल्या साहेबांना दाखवीन म्हणतो, मूड बघून.