ई-रीडर म्हणजे मोबाइल नव्हे : एक खुलासा

‘ई-रीडरवर वाचणे आणि मोबाइलवर वाचणे सारखेच, छापील पुस्तकाच्या तुलनेत दोन्हींचा झगझगीत प्रकाश डोळ्यांना त्रासदायक’ असे विधान सध्या फिरत आहे. त्यात मोबाइल आणि ई-रीडर (म्हणजे ई-पुस्तके वाचण्यासाठीच बनवलेले उपकरण) या दोन भिन्न उपकरणांची गल्लत झाली आहे. मोबाइलचा पडदा स्वतः प्रकाश बाहेर टाकतो. ई-रीडरमध्ये सहसा असणाऱ्या ई-इंकच्या (इलेक्ट्रॉनिक शाईच्या) पडद्यात मात्र अतिसूक्ष्म कुप्यांमध्ये विद्युतभारित काळे आणि पांढरे कण असतात, विद्युतक्षेत्राच्या दिशेनुसार ते वर-खाली सरकतात आणि त्यांच्यावरून परावर्तित झालेल्या प्रकाशात, म्हणजे कागदाप्रमाणेच, अक्षरे दिसतात. सोनीने २००४ साली जपानमध्ये आणलेल्या लिब्रिए या ई-रीडरला तर दिवाच नव्हता. अंधारात तो छापील पुस्तकाइतकाच निरुपयोगी! नंतरच्या अनेक ई-रीडरांत दिवे आले खरे, परंतु ते पडद्याच्या कडेला असून त्यांचा प्रकाश मुख्यतः पडद्याच्या पृष्ठभागावर पसरतो. टॅब्लेटवरील ई-पुस्तकांना हा खुलासा लागू नाही, कारण सामान्य टॅब्लेटचा पडदा मोबाइलच्याच जातीचा असतो. राहिला डोळ्यांच्या थकव्याचा प्रश्न : जवळच्या अक्षरांवर तासन्‌तास नजर खिळवल्यास तो कागदावर वाचतानाही येतो.