श्वास घ्या, पण गोळी सोडू नका

'ताण ओळखा, सात दिवसांत मुळापासून घालवा' हा मेसेज एव्हाना तुमच्याही सोसायटीच्या ग्रुपवर फिरून गेला असेल. वर उगवता सूर्य, खाली 'एका ज्येष्ठ हृदयरोगतज्ज्ञांचा अनुभव'. तज्ज्ञांचं नाव कुठेच नाही. एरवी मी तो न वाचताच पुसला असता. पण डोंबिवलीला आत्याकडे गेले, तर फ्रिजवरच्या टोपलीत बीपीच्या गोळ्यांची नवी कोरी स्ट्रिप पडलेली, एकही गोळी काढलेली नाही. विचारलं तर म्हणे, "अगं, मी आता श्वासाचं करते ना. डॉक्टरांनीच लिहिलंय."

म्हणून हा खटाटोप.

मेसेज सुरू होतो तो असा: आपल्या आजी-आजोबांना ताण माहीतच नव्हता, हे सगळं मोबाइलमुळे. मुंबईत राहून असं लिहायला कमाल लागते. 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते आणि कित्येकांना ती नोकरी परत कधी मिळालीच नाही. लालबाग-परळच्या चाळींत तेव्हा कुणाला झोप लागत होती? ताण होताच, फक्त त्यासाठी डॉक्टरकडे जायची सोय आणि पैसे नव्हते.

दुसरा दावा: 'कॉर्टिसॉल हे विष आहे. पहाटे उपाशीपोटी लिंबूपाण्यात चमचाभर सैंधव घालून प्या, विष धुऊन निघेल.' कॉर्टिसॉल म्हणजे ताणात वाढणारं हार्मोन, ते आपल्याच मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी तयार करतात. सकाळी जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात ते सर्वात जास्त असतं, कारण अंथरुणातून उठून कामाला लागायला ते लागतंच. ज्यांच्या शरीरात ते पुरेसं तयार होत नाही त्यांना ॲडिसन्सचा आजार होतो आणि उपचार न केल्यास माणूस दगावतो. ते सतत चढं राहणं वाईट, हे खरं. पण लिंबाने धुऊन निघायला ते काही तांब्याच्या भांड्यावरचे डाग नव्हेत.

आणि तो चमचाभर सैंधव! जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा. सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. म्हणजे बीपीच्या पेशंटने अख्ख्या दिवसाचं मीठ चहाआधीच संपवायचं, मग पोळी-भाजी, लोणचं, पापड वेगळेच. आणि हा सल्ला हृदयरोगतज्ज्ञाचा!

आता जिच्यामुळे माझं डोकं फिरलं ती ओळ: 'ताण गेला की बीपी आपोआप जातं, म्हणून तिसऱ्या दिवसापासून बीपीच्या आणि झोपेच्या गोळ्या बंद करा.' आत्याचं म्हणणं, तिला हलकं वाटतंय. वाटेलच. वाढलेलं बीपी बहुतेकांना जाणवतच नाही, ते मशीन लावल्याशिवाय कळत नाही. मेटोप्रोलॉल किंवा अटेनोलॉलसारख्या बीपीच्या गोळ्या एकदम थांबवल्या तर नाडी आणि बीपी उसळतात, हृदयविकार असलेल्याला झटकाही येऊ शकतो. क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम या झोपेसाठी दिल्या जाणाऱ्या गोळ्या बरेच दिवस चालू असताना अचानक सोडल्या तर फिट येऊ शकते. डोस कमी करता येतो, कधी गोळी बंदही होते, पण ते लिहून देणारा डॉक्टर बीपी मोजून ठरवतो. त्याच संध्याकाळी आत्याला तिच्या डॉक्टरांकडे नेलं. वरचा आकडा 170 च्या पुढे. ताण कुणाला आला असेल ते सांगायला नको.

याच्याच जोडीची दुसरी ओळ: 'छातीत जड वाटलं तर घाबरू नका, तो ताणच. डाव्या कुशीवर पडून 21 श्वास घ्या.' यात अर्धं सत्य आहे, नाइलाजाने मान्य करते. जागतिक आरोग्य संघटनेची 2020 ची ताणावरची सचित्र पुस्तिका आहे, तिच्यात ताणाच्या खुणांत छाती जड होणं खरंच दिलंय; शिवाय डोकेदुखी, मान-खांदे आखडणं, पोट बिघडणं, भूक मरणं, घशात आवंढा, चिडचिड, झोप न लागणं. पण छातीचं जडपण ताणाचं की हृदयाचं हे कुशीवर पडून कळत नाही, ईसीजी काढावा लागतो. बायकांत तर हृदयविकाराच्या झटक्यात कधी नुसता दम लागतो, मळमळतं, जबडा किंवा पाठ दुखते. 21 श्वास मोजण्यापेक्षा 108 ला फोन लावून अँब्युलन्स बोलवा.

श्वासाचं म्हणाल तर ते चांगलंच आहे. तीच पुस्तिका सांगते की मनात वादळ उठलं की पाय जमिनीवर टेकवा, श्वास संथ करा, आजूबाजूला काय दिसतं, काय ऐकू येतं त्याकडे लक्ष द्या. काही मिनिटांचं काम. लोकलमध्ये ठाण्यापर्यंत उभ्याने, कुणाची तरी बॅग बरगडीत रुतलेली असतानाही जमतं. पण हे गोळीच्या बदली करा असं तिथे कुठेही नाही.

'पहाटे चारला उठा' यावर काय बोलायचं? बदलापूरच्या बायका डबे करायला उठतातच चारला. त्यांना झोप हवीय.

शेवटी 'मनातलं कुणाला सांगू नका, नकारात्मकता पसरते.' साफ उलटं. पुस्तिका भरवशाच्या माणसाशी बोला म्हणते. घरात असं कुणी नसेल तर टेली-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, 14416. केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू केलेली सेवा, फुकट, रात्री-अपरात्रीही, मराठीतही. फोन करायला वेड लागायची वाट बघावी लागत नाही. झोप लागत नाही आणि पोरांवर उगाच खेकसते, एवढं सांगितलं तरी पुढचं ते विचारतात.