'शहरात बसून' म्हणणाऱ्या भाऊंना उत्तर

भाऊ,

मेक्सिकोच्या याकी खोऱ्यात, शेतातल्या कीटकनाशकांच्या सान्निध्यात वाढलेल्या मुलांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "पन्नास पोरांच्या चित्रांवरून शेतकऱ्याला घाबरवू नका. त्या पोरांच्या रक्तात औषध मोजलंच नव्हतं. शहरात बसून लेख पाडणाऱ्या बायांना बोंडअळी काय कळणार? औषध न मारता कपाशी पिकवून दाखवा."

आधी माझी चूक. मुलं चार ते सहा वर्षांची होती असं मी लिहिलं होतं. ती चार-पाच वर्षांची होती. लेखात दुरुस्त केलं आहे, लक्षात आणून दिल्याबद्दल आभार.

आता 'शहरात बसून'. तुमचं मत वेगळं असेल, असू द्या. पण अनोळखी बाईशी बोलायची ही रीत आपल्या खानदेशातली नाही. माझं माहेर अमळनेर तालुक्यातलं, घरची कपाशी कोरडवाहू. आबा तोंडाला रुमाल बांधून, पाठीवर पंप घेऊन दिवसभर फवारायचे. संध्याकाळी खाटेवर आडवे व्हायचे आणि "मन्हं डोकं गरगरस" एवढंच म्हणायचे. एका पोळ्याच्या आधी ते बांधावरच पडले. तोंडातून लाळ, सदरा घामाने चिंब, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या. बैलगाडीत घालून नेलं, विषावर उतारा म्हणून अॅट्रोपिनची इंजेक्शनं दिली, वाचले. अळीच्या शरीरात ते औषध कोलिनेस्टरेज नावाचं जे विकर (एन्झाइम) बंद पाडतं, तेच माणसाच्या मज्जातंतूंतही असतं, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. बाटलीवरचा लाल त्रिकोण, म्हणजे अत्यंत विषारी असल्याची खूण, तेव्हा आमच्या घरात कुणालाच वाचता येत नव्हता.

तो सदरा आईने विहिरीवरच्या धोंड्यावर हातांनी धुतला. त्या वेळी माझा धाकटा भाऊ तिच्या पोटात होता. तो पाच वर्षांचा झाला तेव्हा नीट बोलू लागला, आणि चेंडू झेलणं त्याला कधीच जमलं नाही. याला पुरावा म्हणत नाहीत असं तुम्ही म्हणाल. माझ्यासाठी तो पुरावा आहे, रोज माझ्याशी फोनवर बोलतो.

म्हणून एलिझाबेथ गिलेट या मानववंशशास्त्रज्ञ बाईंचं 1998 सालचं संशोधन वाचताना मी हललेच. मेक्सिकोच्या सोनोरा राज्यातले हे याकी लोक. 1940 च्या दशकाअखेर काही जण खोऱ्यात कीटकनाशकं फवारणाऱ्या शेतीवर राहिले, काही डोंगरपायथ्याशी गुरं पाळायला गेले. वंश एक, खाणंपिणं सारखं. दोन्हीकडच्या मुलांची वाढही सारखी. पण खोऱ्यातली मुलं उड्या मारताना लवकर दमत, चेंडू झेलताना चुकत, अर्ध्या तासापूर्वी आपल्याला फुगा कबूल केला होता हे त्यांच्या लक्षात राहत नसे. माणूस काढ म्हटलं की डोंगराकडची मुलं हात-पाय-डोळे काढत, खोऱ्यातल्या अनेकांच्या कागदावर नुसत्या रेघोट्या. मला चोपडा-यावलची काळी जमीन दिसली, आणि वरचा सातपुडा. आपल्याकडे तर ही विभागणीसुद्धा राहिलेली नाही. डोंगरातली पावरा माणसं सालदारकीला खाली येतात आणि आपल्या वावरात पंप त्यांच्याच पाठीवर असतो. लेखातलं हे वाक्य तुम्ही वाचलंत तरी का, भाऊ?

मुलं पन्नासच, तेहतीस खोऱ्यातली आणि सतरा वरची. थोडी आहेत, मोठी पाहणी व्हावी, मी कुठे नाही म्हणते? रक्ताचं म्हणाल, तर 1990 साली त्याच खोऱ्यातल्या नवजात बाळांच्या नाळेच्या रक्तात आणि आयांच्या दुधात कीटकनाशकं सापडली होती. मला तेवढं पुरतं. औषधाशिवाय कपाशी येते का, हा वेगळा विषय आहे, त्यात मी आज शिरत नाही.

पण घाबरवण्याचा आरोप मी घेणार नाही. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त माणसं गेली. त्यांना कुणीतरी आधी घाबरवायला हवं होतं. आबांनाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. 'लेख पाडणाऱ्या बायांना' हे शब्द मात्र तुम्ही मागे घ्या. पुढचं बोलणं त्यानंतर.