‘नीती ज्याची त्याची’ म्हणणाऱ्यांना

सध्या एक मजकूर हातोहात फिरतो आहे. गोषवारा असा: विज्ञानाने देवाला निकालात काढलं, येशू नावाचा माणूस झालाच नाही, चर्चचा इतिहास रक्ताने माखलेला आहे, आणि नीती-अनीती ज्या त्या समाजाने ठरवायची, तेव्हा ख्रिस्ती लोकांनी आपलं सत्य इतरांवर लादू नये.

पहिल्या दोन मुद्द्यांवर फार वेळ घालवायला नको. विश्व प्रसरण पावतं आहे असं १९२७ साली मांडणारे जॉर्ज लमेत्र बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू होते. गंमत म्हणजे १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांना अशा संशोधनात देवाने जग निर्माण केल्याचा पुरावा दिसू लागला, तेव्हा नाराज झाले ते लमेत्रच! विश्व कसं घडलं हा एक प्रश्न आणि ते मुळात अस्तित्वातच का आहे हा दुसरा, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

येशूचं म्हणाल, तर रोमन इतिहासकार टॅसिटसने ख्रिस्ती पंथाला घातक अंधश्रद्धा म्हटलं आहे. ख्रिस्ताला सम्राट तिबेरियसच्या काळात रोमन अधिकारी पिलाताने देहदंड दिला, हेही त्यानेच तिथे नोंदवलं आहे. पुनरुत्थानावर खुशाल वाद घाला. माणूस झाला की नाही यावर नास्तिक अभ्यासकही सहसा वेळ दवडत नाहीत.

खरी गोम शेवटच्या मुद्द्यात आहे.

इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकस इथे इ.स.पू. १ मधलं एक पत्र सापडलं. हिलारियन नावाचा माणूस अलेक्झांड्रियाहून बायकोला लिहितो: काळजी करू नकोस, पैसे हातात आले की लगेच पाठवतो. मूल झालं आणि मुलगा असला तर राहू दे, मुलगी असली तर टाकून दे. ‘मला विसरू नका’ असा तिचा निरोप आलेला असतो. त्यावर तो म्हणतो, तुला कसा विसरेन?

माणूस प्रेमळ आहे, राक्षस नाही. त्याच्या भोवतालच्या समाजात हे चालत होतं. मग नीती समाजानेच ठरवायची असेल, तर हिलारियन चुकला असं म्हणायची सोयच उरत नाही. फार तर ‘आमच्यात असं करत नाहीत’ एवढंच म्हणता येईल. नवजात बालकाला मारू नका, असं बजावणारे सुरुवातीचे ख्रिस्ती मूठभर होते. ही शिकवण त्यांना ज्यू परंपरेतून मिळाली होती, हेही सांगायला हवं. बहुमत त्यांच्या बाजूने नव्हतं. प्रत्येक मूल देवाच्या प्रतिरूपात निर्माण झालं आहे, या एका गोष्टीवर ते अडून बसले.

आता चर्चच्या इतिहासाचा आरोप. इन्क्विझिशन झालं, म्हणजे धर्मविरोधी ठरवलेल्यांवर चर्चने खटले चालवले, शास्त्रवचनं दाखवून गुलाम राखले गेले. नाकारण्यात अर्थ नाही. पण तेव्हाच्या समाजाला ते मान्य होतं ना? मग नीती समाजाने ठरवायची हा चौथा मुद्दा धरून हा तिसरा आरोप करता येत नाही. मला मात्र तो करता येतो, कारण चर्चला मोजायला माझ्याकडे चर्चच्या वरचं माप आहे. चौथ्या शतकात निस्साचे बिशप ग्रेगरी यांनी गुलाम विकत घेणाऱ्यांना हाच सवाल केला होता: देवाच्या प्रतिरूपाची किंमत किती नाणी ठरवलीत?

‘नास्तिकही सज्जन असतात’ हे उत्तर ठरलेलं आहे. असतातच, पुष्कळदा आमच्याहून जास्त. पण कोण किती सज्जन, हा वाद नाहीच. त्या मुलीला टाकणं हे खरोखर वाईट होतं की आपल्याला नुसतं तसं वाटतं, एवढं त्यांनी सांगावं. आणि ‘लादू नये’ हा नियम सगळ्यांना लागू आहे की फक्त तो मानणाऱ्या समाजाला, हेही.