तारा तेवढा शाबूत

जुनी मर्सिडीज बघायला गेलेला माणूस सगळ्यात आधी तिचं दार लावून बघतो. जड, मऊ, ‘ठप्प’ असा आवाज येतो आणि सौदा तिथेच ठरतो. पुढची घासाघीस केवळ रीत म्हणून. एजंटला हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून तो बॉनेटच्या आधी दार उघडतो. अडचण एवढीच, की कंपनीने बाकी पुष्कळ काही बिघडू दिलं, पण हा आवाज कधी बिघडू दिला नाही. नव्या छोट्या गाडीच्या पैशात ई-क्लास मिळतेय म्हणून भाळलेल्यांना ‘अरे, नको’ म्हणता म्हणता माझा घसा बसतो. आता लिहूनच ठेवतो.

‘सर्वोत्तम, नाहीतर काहीच नाही’ हे कंपनीचं ब्रीद, आणि १९८४ च्या अखेरीस आलेल्या डब्ल्यू १२४ मॉडेलने ते खरंच पाळलं होतं. इंजिनिअरांनी आधी गाडी बनवायची, मग हिशेबवाल्यांनी किंमत लावायची आणि गिऱ्हाईकाने ती मुकाट्याने मोजायची, असा तेव्हाचा शिरस्ता. १९९५ पासून तीच गाडी पिंपरीत टेल्कोच्या (आताच्या टाटा मोटर्सच्या) आवारात जुळू लागली, त्यामुळे पुणेकरांच्या अभिमानात थोडा माहेरचा सूरही मिसळलेला आहे. पण त्याआधीच, १९८९ साली, जपानची लेक्सस अमेरिकेत ३५ हजार डॉलरला उभी राहिली होती. शांत, गुळगुळीत, आणि वर न बिघडणारी. जर्मनीत शिरस्ता उलटा झाला: आधी किंमत ठरवा, मग तिच्यात मावेल तेवढी गाडी बनवा. १९९८ मध्ये अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी लग्न लागलं, २००७ मध्ये काडीमोड झाला. सगळं खापर लोक क्रायस्लरवर फोडतात. मला हे पटत नाही. या पांढऱ्या पायाच्या सुनेने उंबरठा ओलांडण्याआधीच काटकसर माजघरात शिरली होती.

पुरावा वायरिंगमध्ये सापडतो. साधारण १९९२ ते ९५ मधल्या गाड्यांच्या इंजिनवरच्या वायरिंगला पर्यावरणस्नेही वेष्टण दिलं होतं, कालांतराने विघटन होणारं. त्याने शब्द पाळला. इंजिनच्या धगीने ते वाळतं, तडकतं आणि पापुद्र्यांसारखं गळून पडतं. इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरच्या कनेक्टरजवळची वायर दोन बोटांत धरून हलकेच वाकवा. कुरकुर आवाज झाला तर गाडीपासून दोन पावलं मागे सरका. उघड्या तारा एकमेकींना भेटल्या, की आधी इंजिन उभ्या जागी गचके खातं आणि नशीब फारच जोरावर असेल तर इंजिनचा कॉम्प्युटर, म्हणजे कंट्रोल युनिटही जातं. तुकड्या-तुकड्याला टेप गुंडाळणारा मेकॅनिक दयाळू असतो, पण इलाज एकच: अख्खा हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, बदलणे.

डब्ल्यू १२४ च्या जागी आलेल्या १९९५ च्या डब्ल्यू २१० ला गोल डोळे मिळाले आणि गंज मिळाला. ज्या कंपनीचा पत्रा टॅक्सीवाल्यांची एक पिढी पुरून उरायचा, तिच्या डिकीच्या कुलपाभोवती आणि दारांच्या खालच्या कडेला रबराआड फुगवटे येऊ लागले. मुंबईची खारी हवा किंवा कोकणातला पाऊस खाल्लेली गाडी असेल तर खिशात लोहचुंबक ठेवा. पातळ फडक्यात गुंडाळून चाकाच्या कमानीवर आणि दारांच्या तळाशी फिरवा. जिथे चुंबक पकड सोडेल तिथे पत्रा नसून लांबी (पुट्टी) भरलेली आहे. पण खरी जागा दिसतच नाही. पुढच्या स्प्रिंगचं वरचं टोक ज्या वाटीत बसतो, ती वाटी बॉडीला स्पॉट वेल्डने चिकटवलेली असते. चिखल आणि पाणी मधल्या फटीत जातं, वेल्ड आतून कुजतात, आणि एके दिवशी वाटी सुटून गाडीचा तो कोपरा चाकावर बसतो. म्हणून गाडी रॅम्पवर चढवा, चाकाच्या कमानीत टॉर्च मारा आणि तिथलं सीलंट खरवडून बघा. एजंट म्हणेल, “साहेब, मर्सिडीजला कोणी असं बघतं का?” कोणी बघत नाही, म्हणून तर ती अजून विकायची आहे.

पाच गिअरच्या ऑटोमॅटिक बॉक्सबद्दल कंपनी सांगायची, की यातलं तेल आयुष्यभराचं आहे. कोणाच्या आयुष्याचं, ते सांगितलं नाही. डिपस्टिकच दिली नाही; नळीवर टोपण, टोपणाला प्लास्टिकचं सील, आणि मोजायची काठी वर्कशॉपात. पातळी मोजायची ती तेल ८० अंशांवर, इंजिन चालू, गिअर ‘पी’ मध्ये. थंड गाडीत काठी बुडवून ‘भरपूर आहे’ म्हणणाऱ्याला हात जोडा. तेल ६० हजार किलोमीटरला बदलावं, आयुष्य बियुष्य विसरून. बॉक्सच्या उजव्या अंगाला पुढे १३ पिनांचा प्लग असतो. त्याच्या दोन ओ-रिंग कडक झाल्या, की तेल वायरींच्या आतून चढत चढत थेट गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरपर्यंत पोचतं. कॉम्प्युटरचा कनेक्टर काढून बोट फिरवा. तेलकट लागलं तर उत्तर मिळालं. काम किरकोळ आहे: ७ मिलिमीटरचा एक बोल्ट, नवा अडॅप्टर. तो न बदलता आधी कॉम्प्युटर बदलणारे गॅरेजवाले आहेत, आणि त्यांच्याकडेही गाड्यांची रांग असते.

१९९७ साली नवीकोरी ए-क्लास स्वीडनमध्ये काल्पनिक मूस (सांबराच्या कुळातला थोराड प्राणी) चुकवण्याच्या चाचणीत उलटली. विक्री थांबवून सगळ्या गाड्यांना ईएसपी, म्हणजे गाडी घसरू न देणारी यंत्रणा, बसवावी लागली. त्या बिचाऱ्या मूसचं नाव इतिहासात राहिलं, एवढंच.

मात्र भीतीचा मान २००२ च्या ई-क्लासच्या ब्रेकला. त्यात पेडल दाबलं, की इशारा कॉम्प्युटरला जातो आणि तो पंपाने साठवलेला दाब चाकांना पोचवतो. कल्पना उत्तम, पण २००४ मध्ये ६ लाख ८० हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या आणि २००६ मध्ये ई-क्लासला पुन्हा साधे ब्रेक आले. तो पंप ब्रेक किती वेळा दाबला ते मोजत असतो, आणि आकडा सुमारे ३ लाखांवर गेला, की लाल दिवा लावतो. पुणे-मुंबई एक्सप्रेसवेवर हा आकडा यायला जन्म जातो. सकाळच्या वाकड-हिंजवडीत वेळापत्रकाप्रमाणे येतो. म्हणून किलोमीटर विचारू नका, स्कॅनर लावून ब्रेकचा आकडा वाचा. पॅड बदलताना आधी स्कॅनरने ही यंत्रणा निष्क्रिय करायची. नाहीतर कोणीतरी सहज दार उघडतो, गाडी जागी होते, स्वतःची चाचणी म्हणून पूर्ण दाब देते, आणि पॅड आवळणाऱ्या कॅलिपरमध्ये मेकॅनिकची बोटं असतात.

हवेच्या सस्पेन्शनचं थोडक्यात: सकाळी एक कोपरा बसलेला दिसला तर फुगा चिरलाय. कॉम्प्रेसर रात्रंदिवस हवा भरत राहतो आणि जळतो. नुसता कॉम्प्रेसर बदलाल तर तोही जळेल. व्ही-६ पेट्रोल एम २७२ इंजिन असेल तर इंजिन नंबर घ्या. सुरुवातीच्या इंजिनांत थरथर कमी करणाऱ्या बॅलन्स शाफ्टचं दातेरी चाक मऊ धातूचं, झिजणारं. चाक तळहाताएवढं, पण बदलायला अख्खं इंजिन बाहेर काढावं लागतं. पुढच्या काचेखालच्या जाळीतला गुलमोहराचा पाचोळा मात्र पावसाळ्याआधी स्वतः काढा. पाणी तुंबून फ्यूजच्या डब्यात शिरलं, तर वायपर लावल्यावर हॉर्न वाजतो.

हे सगळं ऐकून शहाणा माणूस म्हणतो, मग नवीच घेतो. घ्यावी. २०२२ मध्ये आलेली सी ६३ घ्यायची तर व्ही-८ जाऊन चार सिलिंडर आलेत आणि वजन २१०० किलोच्या वर गेलंय. विजेवरची ईक्यूएस घ्याल तर मालकाने बॉनेट उघडायचंच नाही. काच धुवायचं पाणी भरायला डाव्या मडगार्डवर झडप आहे, तेवढाच आपला अधिकार. तिची मागची चाकं साडेचार अंश वळतात. जर्मनीत २०२१ मध्ये ती दहा अंश वळवायचे वर्षाला ४८९ युरो मागितले. यंत्र गाडीतच होतं, पैसे कुलूप उघडायचे. भाडं थकलं, की चाकं पुन्हा साडेचारावर.