किनुयो तनाका मिझोगुचीची नटी? कट्ट्यावर पेटलेला वाद

पिन अभ्यानेच मारली. म्हणे जपानची किनुयो तनाका ही दिग्दर्शक मिझोगुचीने घडवलेली नटी, तो नसता तर आज तिला कोणी विचारलं नसतं. मी म्हटलं थांब जरा, तू त्याच्या ज्या पिक्चरांवरून बोलतोयस ते 'लाईफ ऑफ ओहारू' १९५२ चा, 'उगेत्सु' १९५३ चा, 'सान्शो द बेलिफ' १९५४ चा, आणि ही बाई शोचिकु या फिल्म कंपनीत आली १९२४ ला, वय वर्षं चौदा, त्याच्याआधी ओसाकात मुलींच्या मंडळीत बिवा नावाचं तंतुवाद्य वाजवायची, जपानचा पहिला बोलपट म्हणतात तो १९३१ चा दिग्दर्शक गोशोचा पिक्चर, त्यात ही, १९३८ चा 'आइझेन कात्सुरा' तुफान चालला त्यात ही, पिक्चरच्या नावातच 'किनुयो' टाकलं की तिकिटं खपायची एवढी वट होती तिची. म्हणजे ओहारू करताना अठ्ठावीस वर्षं गाठीशी होती. कोण कोणाला घडवतंय?

अभ्या म्हणाला स्टार असणं वेगळं आणि ओहारू वेगळं. हे खरं आहे, मी नाही म्हटलंच नाही. मास्तरांनी पण त्याचीच बाजू घेतली. मिझोगुची लांबलचक शॉट घेतो, क्लोजअप फार देत नाही, सगळी कमाल कॅमेऱ्याची, नटी काय करणार? अहो मास्तर, म्हणूनच तर! पिक्चरची सुरुवात आठवा. पहाटेची वेळ, बाई पाठमोरी चाललीये, तोंड झाकलेलं, कॅमेरा मागून मागून. चेहरा दिसतच नाही आपल्याला, पण खांदे आणि पाय ओढत चालणं बघून कळतं की हिच्यावर काय काय गुदरलंय. तनाका तेव्हा बेचाळीसची होती आणि त्याच पिक्चरमध्ये ती राजवाड्यातली तरुण मुलगीपण आहे. कॅमेरा लांब ठेवायची हिंमत मिझोगुचीला होत होती ती समोर ही होती म्हणून. माझं तरी असंच मत आहे.

मग ताई मधे पडली. म्हणाली तुम्ही दोघं मिझोगुची मिझोगुची करताय, तिचा अमेरिकेचा दौरा विसरलात का. १९४९ ला सदिच्छा दूत म्हणून गेली, जाताना किमोनो, आणि जानेवारी १९५० ला परत आली ती वेस्टर्न कपडे, गॉगल, गर्दीला फ्लाइंग किस देत. झालं! हरलेला देश, वर अमेरिकन सैन्य बसलेलं, आणि आपली लाडकी हिरोईन अशी उतरतेय. पेपरवाल्यांनी इतकं झोडपलं की लिहवत नाही, देहविक्री करणाऱ्या बायकांना देतात तसल्या शिव्या छापून आल्या. आणि याच बाईने १९५३ ला स्वतः दिग्दर्शित केलेला पहिला पिक्चर कशावर? 'लव्ह लेटर'. युद्धावरून परत आलेला एक माणूस टोकियोत शिबुयाच्या गल्लीत बसून, अमेरिकन सैनिकांबरोबर राहिलेल्या बायकांसाठी इंग्रजीत प्रेमपत्रं लिहून देतो. एक दिवस तिथे त्याचं जुनं प्रेम असलेली बाईच येते. मग हा तिला पवित्र-अपवित्र करून सोलून काढतो. ज्या लोकांनी तीन वर्षांपूर्वी तिला नावं ठेवली त्यांच्यासमोरच तिने हे ठेवलं, आणि पिक्चर त्या माणसाला सोडत नाही, त्याचा मित्रच त्याला सुनावतो की युद्धाला आपण सगळेच जबाबदार आहोत. ताईने हे सांगितलं तेव्हा अभ्यापण गप्प झाला. मी पिक्चर बघितलाय पण हा धागा असा जोडला नव्हता कधी.

पण अभ्या तो अभ्या. म्हणाला ठीके, पण 'लव्ह लेटर'ची पटकथा किनोशिताची, तिच्या पुढच्या 'द मून हॅज रायझन'ची ओझुची, दोघंही नावाजलेले दिग्दर्शक, म्हणजे पाठीवर हात पुरुषांचाच ना. अरे हात होता तसा अडवणारापण होता की! तुझा मिझोगुचीच तेव्हा दिग्दर्शकांच्या संघटनेचा अध्यक्ष होता आणि तिने दिग्दर्शन करायला त्याचा विरोध होता, तिच्याकडे तेवढं डोकं नाही अशा अर्थाचं तो बोलला. ओझु तिच्या बाजूने उभा राहिला. आणि ती तरी नुसत्या नावावर खुर्चीत बसली का? आधी दिग्दर्शक नारुसेच्या सेटवर असिस्टंट म्हणून शिकली, एवढी मोठी स्टार असून, चाळिशी उलटल्यावर.

आणि तिसरा पिक्चर घे, 'द इटर्नल ब्रेस्ट्स', १९५५. पटकथा सुमिए तनाकाची, बाईच, नात्यातली नाही. जपानच्या होक्काइदो बेटावरची खरीखुरी कवयित्री फुमिको नाकाजो, स्तनाच्या कॅन्सरने १९५४ ला एकतिसाव्या वर्षी गेली, तिच्यावर. ऑपरेशननंतर फुमिको मैत्रिणीच्या घरी आंघोळ करते, मैत्रिणीच्या गेलेल्या नवऱ्यावर हिचं प्रेम होतं, आणि तिथेच ती ते बोलून टाकते, स्वतःची छाती तिला दिसू देते. मैत्रीण हादरते. तिथे दयामाया नाही, रडारड नाही. ही बाई मरायला टेकलीये तरी तिला प्रेम पाहिजे, पुरुष पाहिजे, कविता छापून यायला पाहिजे, आणि पिक्चर तिला एका शब्दाने बोल लावत नाही. मिझोगुची मला आवडतो, पण त्याच्या बायका सोसतात आणि आपण हळहळतो. ही फुमिको मागते. १९५५ ला हे दाखवणारं दुसरं कोण होतं सांग.

मास्तरांना पटलं. म्हणाले म्हातारपणीचं तिचं कामपण याच जातीचं आहे, 'सान्दाकान ८', १९७४. लहानपणी बोर्निओच्या कुंटणखान्यात विकली गेलेली ओसाकी, आता म्हातारी, झोपडीत मांजरं घेऊन राहणारी. माहिती काढायला आलेली बाई निघताना पैसे द्यायला लागते तर ही घेत नाही, तुझा वापरलेला टॉवेल दे म्हणते, आणि मिळाल्यावर तो छातीशी धरून हमसून हमसून रडते. या कामासाठी १९७५ ला बर्लिन फेस्टिव्हलला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं सिल्व्हर बेअर मिळालं. ताई म्हणाली अशा जपानी मुली आपल्या मुंबईतपण होत्या, कामाठीपुऱ्यात, ब्रिटिशांच्या काळात. हे आमच्यातल्या निम्म्या लोकांना माहीतच नव्हतं.

शेवटी अभ्याने खोचक विचारलं, एवढी भारी दिग्दर्शक होती तर सहाच पिक्चर का, १९६२ नंतर एकपण का नाही. ताई म्हणाली हे तिला कशाला विचारतोस, स्टुडिओवाल्यांना विचार. पुढे १९७७ ला ती गेलीच. आणि ते सहा पिक्चर नीट दुरुस्त होऊन २०२१ नंतर फेस्टिव्हलमध्ये फिरायला लागले, तोपर्यंत जपानबाहेर ते कितीशा लोकांनी बघितले होते? न बघताच लोकांनी ठरवून टाकलं होतं की ही नटीच.

अभ्याला अजून पूर्ण पटलेलं नाही. रविवारी त्याच्याकडे 'इटर्नल ब्रेस्ट्स' लावायचा ठरलाय, त्याची अट एवढीच की लगेच 'ओहारू'पण बघायचा. मला चालेल.