फरशी पुसून सिझर टळत नाही

‘सातव्या महिन्यापासून रोज उकिडवं बसून फरशी पुसा, सिझर होणारच नाही,’ असा मेसेज फिरतोय. अशी हमी कोणीच देऊ शकत नाही. बाळ आडवं असेल, वार (बाळाला पोषण पुरवणारी प्लासेंटा) गर्भाशयाच्या तोंडावर असेल किंवा कळा सुरू असताना बाळाचे ठोके घसरले, तर चकचकीत फरशी काय करणार? हालचाल मात्र हवीच. गुंतागुंत नसेल तर आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करावा, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितलंय. चालता चालता गप्पा मारता याव्यात, इतपतच वेग. ओल्या फरशीवर घसरण्यापेक्षा संध्याकाळची फेरी बरी. (फडकं घरातल्या दुसऱ्या कुणी हातात घेतलं तरी चालतं!) अंगावरून रक्त किंवा पाणी गेलं, चक्कर आली, छातीत दुखलं तर तिथेच थांबा आणि लगेच डॉक्टरांना गाठा.